मडक्यांवरची परसबाग

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही दरवर्षी येईलच असं नाही. मार्च लागला की टँकरची वाट पाहणं सुरू होतं आणि भाजी आठवडी बाजाराच्या दिवसापुरती उरते. अशा गावात दहा बायकांनी मिळून गुंठाभर जागेत उन्हाळी भाजी करायची ठरवली, तर पहिला प्रश्न पाण्याचा आणि दुसरा त्याच्या वाटणीचा. दोन्ही प्रश्न बऱ्यापैकी सोडवणारी वस्तू कुंभाराकडे मिळते: साधं, न रंगवलेलं मडकं.

मडका सिंचन ही पद्धत फार जुनी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात चीनमध्ये फान शंगची या कृषिलेखकाने तिची कृती लिहून ठेवली आहे: खड्ड्याच्या मधोमध मडकं पुरा, तोंड जमिनीच्या पातळीला ठेवा, भोवती चार बिया लावा, वर खापरी झाका. आपल्याकडे कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत १९७०च्या दशकात या पद्धतीवर प्रयोग झाले. थोड्या खारवट पाण्यावरही भाजी घेता येते, असं त्यांत दिसलं.

माठातलं पाणी गार होतं, कारण ते भिंतीतून झिरपतं आणि बाहेर येऊन उडून जातं. तेच मडकं जमिनीत पुरलं की झिरपलेलं पाणी हवेऐवजी मातीला मिळतं. माती कोरडी असेल तर ती पाणी जोरात ओढते, ओली झाली की ओढ कमी होते. म्हणजे किती पाणी सोडायचं हे मातीच ठरवते. त्यासाठी ना कॉक लागतो, ना वीज. वरचा थर कोरडा राहत असल्यामुळे पाणी उन्हाने फारसं उडत नाही आणि तणही कमी उगवतं. हंगाम संपल्यावर मडकं उकरून काढलं, तर त्याच्या अंगाला पांढऱ्या बारीक मुळांची जाळी चिकटलेली दिसते.

सगळी मडकी मात्र चालत नाहीत. कुंभार मातीत राख, लीद किंवा भुसा मिसळतो. त्यातला जळणारा भाग भट्टीत जळून जातो आणि भिंतीत बारीक छिद्रं राहतात. मडकं फार कडक भाजलं, रंगवलं किंवा चकाकी दिली, तर ही छिद्रं बुजतात. म्हणून विकत घेताना पाणी भरून पाहावं. काही तासांत बाहेरून सगळीकडे सारखा ओलावा दिसला तर मडकं कामाचं, आणि एकाच जागी धार लागली तर ते तडकलेलं.

मडक्याच्या दुप्पट रुंदीचा खड्डा घेऊन मातीत शेणखत मिसळावं. काठ बोटभर वर राहील असं मडकं पुरावं, म्हणजे माती आत जात नाही. झाकण हवंच, नाहीतर डास होतात. भोवती दुधी, दोडका, कारलं, काकडी, वांगी लावावीत. मुळं ओलाव्यापर्यंत पोचेपर्यंत पहिले काही दिवस वरून तांब्याने पाणी द्यावं. आच्छादनाला पालापाचोळा घ्यावा. कडबा या भागात जनावरांनाच पुरत नाही. मेथीसारख्या फेकून पेरायच्या भाजीला ही पद्धत जमत नाही.

आता हिशेब. आठ लिटरची ४० मडकी एकदा भरायला ३२० लिटर पाणी लागतं. फेब्रुवारीत ती जास्त दिवस पुरतात, मे महिन्यात लवकर रिकामी होतात. सरासरी तीन दिवसांनी भरली, तर महिन्याला ३,२०० आणि फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत १२,८०० लिटर. शाळेच्या शंभर चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पावसात ५०,००० लिटर पाणी पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ४०,००० उरतं. म्हणजे १५,००० लिटरची टाकी असेल, तर पावसाळ्यात साठवलेल्या पाण्यावर उन्हाळी बाग निघते.

राहिली वाटणी. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. तिचे नियम रोखठोक होते: पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर मिळेल, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनांनाही वाटा, उसाला पाणी नाही. गुंठाभर बागेलाही हाच न्याय लावता येतो. दहा जणींना प्रत्येकी चार मडकी, जमीन कुणाची किती आहे हे न विचारता. पाइपने कुणी किती पाणी घेतलं याची मोजदाद होत नाही आणि भांडणं तिथेच लागतात. मडकी मात्र मोजता येतात.

मर्यादाही आहेत. एकरांच्या शेतीला हे परवडत नाही, कारण पुरण्याची आणि भरण्याची मजुरी फार. गढूळ किंवा क्षारांच्या पाण्याने छिद्रं हळूहळू बुजतात. काथ्याने घासून काही काळ निभावतं, पुढे मडकं बदलावं लागतं. गुरांचा पाय पडला तर फुटतं, म्हणून कुंपण आधी करावं.

पुढच्या उन्हाळ्यात बाग करायची असेल, तर जमिनीआधी कुंभार गाठा. पावसाळ्यात मडकी वाळत नाहीत आणि भट्टी बंद असते. त्यामुळे दिवाळी झाली की मागणी नोंदवा, आणि रंग लावू नका हे दोनदा सांगा.