जुना टेम्पो, नवे कर्ज : आधी हिशेब करा

पिंपळे सौदागरच्या दुकानात कापडाचे गठ्ठे आणण्यासाठी आम्ही ५ वर्षांच्या हप्त्यांवर टेम्पो घेतला होता. तीन वर्षांनी तो देऊन नवा घेण्याचा इरादा केला, तर टेम्पोला किंमत आली ३ लाख आणि कर्ज बाकी होते ४ लाख. विक्रेता म्हणाला, "फिकीर नको शेठ, वरचा १ लाख नव्या कर्जात घालू."

खरे नुकसान इथेच आहे. गाडीची किंमत सुरुवातीलाच झपाट्याने उतरते. हप्त्यात मात्र तेव्हा व्याजाचा वाटा मोठा असतो, मुद्दल हळू फिटते. तो १ लाख नव्या कर्जात घातला तर १२ टक्के दराने ५ वर्षांत सुमारे १ लाख ३३ हजार भरावे लागतात, तेही हातातून गेलेल्या गाडीपायी!

म्हणून व्यापारी बांधवांनी आधी फायनान्स कंपनीकडून आजची बाकी आणि मुदतीपूर्वी फेडण्याचा आकार लेखी घ्यावा. गाडीची किंमत दोन-तीन ठिकाणी विचारावी. कर्ज फिटताच ना-हरकत दाखला व फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरील बोजा उतरवावा.

आम्ही टेम्पो आणखी दोन वर्षे चालवला, कर्ज फेडले आणि मगच विकला. आलेली रक्कम कमी होती, पण सगळी आमची होती.