३३३ पट चमक, दिव्यात मात्र १ टक्का

३३३ पट. हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात बेन झोंग तांग यांच्या गटाने २००१ साली सिलोल वर्गातल्या एका सेंद्रिय रेणूची चमक इतकी वाढलेली मोजली, आणि तीही द्रावणात पाणी घालून. इथेनॉलमध्ये विरघळलेला असताना हा रेणू शोषलेल्या दर १०,००० फोटॉनांमागे जेमतेम ६ परत देई. पाण्याचे प्रमाण ९० टक्के झाले तेव्हा २,१०० देऊ लागला.

पाण्यात तो विरघळत नाही, त्याचे पुंजके बनतात. सुट्या रेणूतली ५ फिनाइल वलये फिरत राहतात आणि ऊर्जा उष्णतेत जाते. पुंजक्यात फिरायला जागा नसते, म्हणून ऊर्जा प्रकाशरूपाने निघते. वाढ सरळ रेषेत नाही: पाणी ५० टक्के होईपर्यंत फरक जवळपास शून्य.

एरवीचा अनुभव उलटा. फोर्स्टर आणि कास्पर यांनी १९५४ मध्ये पायरीनबाबत नोंदवले होते की द्रावण दाट झाले की चमक घटते. ओएलईडीत, म्हणजे सेंद्रिय रेणूंना वीज देऊन प्रकाश मिळवणाऱ्या दिव्यात, तर रेणूंचा घन थरच असतो. त्यामुळे चमकणारा पदार्थ दुसऱ्यात थोड्या प्रमाणात मिसळावा लागतो. पुंजक्यात चमकणाऱ्या रेणूंना ही पायरी टाळता येते.

पण ३३३ हा आकडा मोठा आहे तो छेद लहान म्हणून. मूळ प्रमाण ०.०६३ टक्के, वाढलेले २१. म्हणजे ७९ टक्के ऊर्जा अजूनही वायाच. दिव्यात हिशेब आणखी आवळतो. विजेने तयार होणाऱ्या उत्तेजित अवस्था दोन प्रकारच्या: २५ टक्के सिंगलेट, ७५ टक्के ट्रिप्लेट. साध्या प्रतिदीप्तीला सिंगलेटच उपयोगी. निर्माण झालेल्या प्रकाशापैकी सुमारे २० टक्केच काचेबाहेर येतो. गुणाकार ५ टक्के. पुंजक्यातले २१ टक्के थरातही तसेच धरले, तर उरतात १.०५ टक्के. कोडॅकमध्ये चिंग तांग (हे तांग वेगळे) आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये दाखवलेल्या दिव्याची कार्यक्षमताही सुमारे १ टक्काच होती.

म्हणजे पुंजक्यांनी चमक १०० टक्के केली तरी मर्यादा ५ टक्क्यांचीच. ती ओलांडली ट्रिप्लेटनी: जपानमध्ये चिहाया अदाची यांच्या गटाने २०१२ मध्ये ट्रिप्लेटचे पुन्हा सिंगलेट होऊ देणारा रेणू वापरून १९.३ टक्के गाठले. पुंजक्यात चमकणे आणि ट्रिप्लेट वापरणे हे दोन्ही गुण एकत्र असलेले रेणू आता बनतात, आणि दिव्यासाठी कामाचे तेच. पुढे कुठे चमकीच्या ‘पटी’ वाचल्या, तर ट्रिप्लेटचे काय केले ते आधी शोधा.