नोकरी सोडली म्हणजे चिकाटी नाही का?

गेल्या महिन्यात एका स्थळाची चौकशी करायला मुलीचे आईवडील माझ्या घरी आले. मुलगा माझा जुना विद्यार्थी. औषध कंपनीत एमआर होता. दीड वर्षात ती नोकरी सोडली, आता एका मेडिकल दुकानात कामाला आहे. मुलीच्या अब्बांनी सरळच विचारले, "मॅडम, मुलात चिकाटी नाही का?"

आपल्याकडे अशा मुलांविषयी 'टिकला नाही' एवढे दोन शब्द पुरतात. त्याच्याच वर्गातला दुसरा मुलगा याच कामात नऊ वर्षे आहे. वर्गात बोलका होता तो पहिला. दुसऱ्याला उभे केले तर खाली मान घालायचा. माझा अंदाज पार चुकला, म्हणून मी दोघांनाही खोदून विचारले होते.

एमआरचे काम बोलण्यापेक्षा थांबण्याचे अधिक. डॉक्टरांचे पेशंट संपेपर्यंत बाकावर बसायचे, मग दोन मिनिटे मिळतात. कधी नुसतेच "आज नको." बोलक्या मुलाला ते 'नको' लागायचे, तो ते घरी घेऊन यायचा. अबोल मुलगा डायरी ठेवतो. कोणते डॉक्टर कधी निवांत असतात, कोणत्या केमिस्टकडे कोणते औषध संपत आले, सगळे त्यात. रमजानमध्ये संध्याकाळची ओपीडी आणि इफ्तारची वेळ एकच येते. तो खिशात खजूर ठेवतो आणि त्याच बाकावर रोजा सोडतो.

पण एवढ्यावर उत्तर संपत नाही. महिनाअखेर आली की टार्गेट भरण्यासाठी स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारायचा, असे बऱ्याच ठिकाणी चालते. कागदावर विक्री दिसते. खपला नाही तर तोच माल मुदत संपून परत येतो. बोलक्या मुलाला त्याच्या साहेबांनी हेच करायला लावले. स्टॉकिस्ट त्याच्या वडिलांच्या ओळखीचा. "खपेल, घ्या" हे शब्द त्याच्या तोंडून निघेनात. दुसऱ्याला साहेब वेगळे भेटले. आकडा कमी आला तर ते आधी त्याच्यासोबत दिवसभर फिरत, मग बोलत. तो मुलगाच मला म्हणाला, "मॅडम, त्याच्या जागी मी असतो तर मीही सोडली असती."

औषधविक्री करणाऱ्या या मंडळींसाठी १९७६ साली खास कायदा झाला. नेमणूकपत्र आणि भरपगारी रजा त्यात आली. रजा मिळते हो, पण टार्गेट रजेवर जात नाही.

मुलीच्या अब्बांना मी हे सगळे सांगितले. म्हटले, चौकशी करायचीच तर त्याच्या जुन्या साहेबांकडे नको, त्या स्टॉकिस्टकडे करा. चहा निवून गेला होता. त्यांनी खिशातून पेन काढले आणि स्टॉकिस्टच्या दुकानाचा पत्ता लिहून घेतला.