आजोबांच्या जुन्या ठासणीच्या बंदुकीत दारू कुठली भरायची? उत्तर चुकलं तर नळीच फुटते

अमेरिकेत दरवर्षी थंडीच्या तोंडावर हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो, आणि त्याच सुमारास कित्येक घरांच्या माळ्यावरून एक जुनी लांबलचक बंदूक खाली येते. आजोबांनी कधीतरी घेतलेली, नाहीतर जुन्या सामानाच्या विक्रीत स्वस्तात मिळालेली. सोबत गंजलेला एक डबा असतो आणि त्यात कसलीशी काळी भुकटी. आता नातवाला प्रश्न पडतो, यात भरायचं काय?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. आजच्या बंदुकीत कारखान्यातून तयार होऊन आलेलं काडतूस घातलं की काम झालं. दारू किती, गोळी कुठली, ठिणगी कशी पडणार, हे सगळं कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. ठासणीच्या बंदुकीत हे तिन्ही निर्णय बंदूक चालवणाऱ्याने घ्यायचे असतात, तेही प्रत्येक गोळीला.

ठासणीची बंदूक म्हणजे नेमकं काय?

कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी घालायची आणि गजाने ती तळापर्यंत ठासायची. म्हणून ठासणीची. डुकरं-वानरांपासून पीक वाचवायला शेतकऱ्यांना अशा बंदुकीचा परवाना मिळतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा थेट उल्लेखच आहे. परवान्याशिवाय ती घरात ठेवणं मात्र गुन्हा, मग ती पणजोबांची आठवण का असेना.

अमेरिकेत गणित वेगळं आहे. तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात ठासणीच्या बहुतेक बंदुका 'पुरातन' या वर्गात मोडतात, त्यामुळे त्यांच्यावर इतर बंदुकांइतकी बंधनं नाहीत (राज्यांचे कायदे वेगळे, तो विषय मोठा आहे). त्यात अनेक राज्यं या बंदुकांसाठी शिकारीचा खास मोसम ठेवतात. पेनसिल्व्हेनियात तर नाताळानंतरचा एक मोसम फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी असतो. म्हणून ही जुनी बंदूक तिथे नुसती भिंतीवर टांगलेली राहत नाही, ती चालवली जाते.

दारूच्या आधी एक गोष्ट तपासा: ती आधीच भरलेली आहे का?

हसू नका. गेटिसबर्गच्या लढाईनंतर, म्हणजे १८६३ मध्ये, रणांगणावरून २७ हजारांहून जास्त बंदुका गोळा केल्या गेल्या. त्यातल्या सुमारे २४ हजार भरलेल्या निघाल्या आणि निम्म्याहून जास्त बंदुकांत एकावर एक अशा दोन किंवा अधिक गोळ्या ठासलेल्या होत्या. एका बंदुकीत तर २३ बार सापडल्याची नोंद आहे. गोंधळात शिपाई भरत राहिला, बार उडालाच नाही आणि ते त्याला कळलंही नाही.

काळी दारू कोरडी राहिली तर दशकानुदशकं खराब होत नाही. त्यामुळे माळ्यावरची बंदूक ४० वर्षांनीही उडू शकते. तपासायची पद्धत सोपी आहे. गज नळीत तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी खूण करायची. मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून बघायचा. खूण तोंडाशी ठेवल्यावर गजाचं दुसरं टोक कानाच्या, म्हणजे जिथून ठिणगी आत जाते त्या भोकाच्या, जवळपास यायला हवं. दोन-तीन बोटं कमी पडलं तर आत काहीतरी आहे. मग ती बंदूक थेट जाणत्या कारागिराकडे न्यायची, घरी खटपट करायची नाही.

काळी दिसते ती सगळीच 'काळी दारू' नसते

खरा घात इथे होतो.

काळी दारू म्हणजे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. हेच मिश्रण शेकडो वर्षं जगभरच्या तोफा-बंदुकांत वापरलं गेलं. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू बनवली आणि आजची काडतुसं तिच्यावर चालतात. अडचण अशी की यातली बरीचशी दारूही काळी किंवा करडीच दिसते.

दोघींचा स्वभाव मात्र पूर्ण वेगळा. बिनधुराची दारू बंद जागेत जळताना दाब वाढतो, दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते आणि दाब पुन्हा चढतो. आधुनिक बंदुकीची नळी आणि तिचा मागचा भाग हे सोसायलाच बनवलेले असतात. जुन्या ठासणीच्या बंदुकीची नळी तशी नसते. काळ्या दारूच्या मापाने बिनधुराची दारू भरली, तर चाप ओढणाऱ्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर ती नळी फुटू शकते. बोटं आणि डोळे जातात ते अशाच अपघातांत. बिनधुराच्या दारूसाठीच बनवलेल्या काही ठासणीच्या रायफली अलीकडे निघाल्या, पण आजोबांची बंदूक त्यातली नसते. अनेक नळ्यांवर 'फक्त काळी दारू' असं कोरलेलंच असतं.

मग माळ्यावरच्या त्या डब्याचं काय? लेबल नसेल किंवा झाकण कधी उघडलं गेलं ते माहीत नसेल, तर ती भुकटी वापरायचीच नाही. दारू नवीन आणि बंद डब्यातलीच घ्यायची.

काळ्या दारूतही दाण्याच्या आकारानुसार प्रकार असतात आणि ते इंग्रजी एफ अक्षराने दाखवतात. एफ जितके जास्त, तितका दाणा बारीक आणि तितकी दारू जलद जळते. ढोबळमानाने अर्धा इंच आणि त्याहून मोठ्या तोंडाच्या रायफलींना दोन एफ, लहान रायफली आणि पिस्तुलांना तीन एफ. चार एफची पिठासारखी दारू चकमकीच्या बंदुकीच्या बाहेरच्या पात्रात, रंजक म्हणून. नळीत ती भरायची नाही.

पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन अशा पर्यायी दारूही मिळतात. त्या काळ्या दारूइतक्या सहज पेट घेत नाहीत, म्हणून चकमकीच्या बंदुकीत बहुतेकदा निराशाच होते. शिवाय पायरोडेक्स वजनाने हलकी असते, त्यामुळे ती काळ्या दारूच्या मापाने, म्हणजे आकारमानाने मोजायची असते. तराजूवर तेवढंच वजन घेतलं तर दारू जास्त पडते. ट्रिपल सेव्हन मुळातच जास्त जोरदार आहे. किती भरायची याचा आकडा बंदूक आणि दारू बनवणाऱ्यांच्या पुस्तिकेतूनच घ्यायचा, शेजाऱ्याच्या अनुभवातून नाही.

गोळी तुम्ही ठरवत नाही, नळी ठरवते

रायफलीच्या नळीत आतून स्क्रूसारखे पीळ असतात. त्यांच्यामुळे गोळी फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. पीळ किती इंचांत एक फेरा पूर्ण करतो, यावर गोळी ठरते.

६६ इंचांत एक फेरा असा संथ पीळ असेल तर ती बंदूक गोल गोळीसाठी आहे. २८ इंच किंवा कमी असेल तर लांबट गोळीसाठी, कारण लांब गोळी स्थिर राहायला जास्त फिरावी लागते. उलट केलं तर दोन्हीकडे नेम बिघडतो. १९७० साली थॉम्पसन सेंटर कंपनीने बाजारात आणलेली 'हॉकन' आज अमेरिकेतल्या असंख्य घरांत आहे. तिचा पीळ ४८ इंचांचा, मधला. गोल गोळीही चालते, आखूड लांबट गोळीही चालते. दोन्ही बरी चालतात, असं म्हणणं जास्त प्रामाणिक ठरेल.

गोल गोळी नळीपेक्षा किंचित लहान घेतात आणि तेल-मेण लावलेल्या सुती कापडाच्या चकतीत गुंडाळून ठासतात. पीळ पकडतं ते हे कापड. बार उडाल्यावर जमिनीवर पडलेली चकती उचलून बघायची जुनी रीत आहे. कडा नुसत्या काळवंडल्या असतील तर सगळं ठीक. मध्ये भोक पडलं असेल किंवा ती फाटली असेल, तर एकतर कापड पातळ आहे किंवा नळी आतून गंजून खरबरीत झाली आहे.

शिसं मात्र शुद्ध आणि मऊच लागतं. लांबट गोळीला तर ते आणखी गरजेचं. १८४९ मध्ये फ्रान्सच्या मिनिए यांनी बुडाशी पोकळ असलेली गोळी आणली. ती नळीत सहज सरकायची आणि बार उडताच बूड फुलून पिळांत घट्ट बसायची. भंगारातलं कडक मिश्र शिसं असं फुलत नाही.

याच विचारावर इंग्रजांची १८५३ ची एनफिल्ड बनली. काळी दारू जळल्यावर नळीत चिकट काजळी साठते, दहा-बारा बारांनंतर पुढची गोळी आत जाईना होते. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला चरबी लावलेली असायची. ते काडतूस दाताने फोडायचं होतं. पुढे १८५७ मध्ये काय झालं ते शाळेत सगळ्यांनी वाचलंय. काडतुसांना तूप-मेण लावायची मुभा नंतर दिली गेली, पण तोवर विश्वास उडाला होता. आजही हौशी लोक मेण आणि प्राण्यांची किंवा वनस्पतींची चरबीच वापरतात, कारण खनिज तेल काळ्या दारूच्या काजळीत मिसळून डांबरासारखं होतं.

ठिणगी: चकमक की टोपी?

इथे निवड फारशी नसतेच, बंदूक ज्या पद्धतीची असेल ते वापरायचं. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी रंजकात पडते आणि कानातून आग आत जाते. रंजक कान बुजेपर्यंत भरलं तर ते वातीसारखं सावकाश जळतं आणि बार उशिरा उडतो. थोडं कमीच बरं.

या उशिरावर आणि पात्रातल्या भपक्यावर वैतागले होते स्कॉटलंडचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ. भपका दिसताच पक्षी उडून जायचे. आघाताने पेटणाऱ्या रसायनाची युक्ती शोधून त्यांनी १८०७ मध्ये पेटंट घेतलं आणि त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली. घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी थेट आत. हॉकनसारख्या बंदुकीला बहुधा ११ नंबरची टोपी लागते. ती ज्या बोंडीवर बसते तिचं भोक झिजून मोठं झालं असेल तर वायू मागे उसळून घोडा उचलला जातो. ही बोंडी स्वस्तात बदलता येते, आणि जुन्या बंदुकीत सगळ्यात आधी तीच बदलावी.

भरण्यापूर्वी अनुभवी लोक एक गंमत करतात. रिकाम्या नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ नेऊन नुसती टोपी उडवतात. पातं हललं तर वाट मोकळी, नाही हललं तर आत तेल किंवा घाण आहे.

गोळी दारूला टेकलीच पाहिजे

दारू बाटलीतून थेट नळीत ओतायची नाही. आधीच्या बाराचा निखारा आत असला तर अख्खी बाटली हातात पेटते. आधी मापात, मग नळीत. आणि गोळी दारूवर पक्की बसेपर्यंत ठासायची. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. म्हणून भरलेल्या बंदुकीची खूणही गजावर करून ठेवतात. चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळी निशाण्याकडेच धरून निदान मिनिटभर थांबायचं.

घरी आल्यावर त्याच दिवशी गरम पाणी आणि साबण. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते आणि रात्रीत गंज धरते. नळी धुऊन, पुसून, तेल लावून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पांढरी चिंधी आत फिरवायची. ती तांबूस निघाली, तर काल धुणं कमी पडलं होतं.