नजरगहाण

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या गारखेड्यात गल्लीगल्लीतून बादल्यांचे आवाज येऊ लागतात. कुणी मोटार धुतो, कुणी मोटारसायकल. कोपऱ्यावरचा रिक्षावाला तर पहाटेपासूनच पाइप लावून बसलेला असतो. मीही फाटकाजवळ स्टूल टाकतो, कॅलिपर घातलेला डावा पाय समोर सरळ पसरतो आणि स्कूटरच्या बाजूच्या दोन चाकांवरच्या चकचकीत टोप्या काढून मांडीवर घेतो. एक जुना टूथब्रश, एक बाद झालेला बनियन, वाटीत साबणाचं पाणी आणि अर्धं लिंबू. ''इतक्या निगुतीने चांदीची भांडी घासली असती तर...'' असं आमची सौ. दरवर्षी म्हणते. वाक्य पुरं करत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात वाक्यं पुरी करायची गरज उरलेली नाही.

अशी गाडी आपण रस्त्यावर पाहिली असेलच. साधीच स्कूटर, फक्त मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सांगाडा बांधून आणखी दोन चाकं दिलेली. मोजली तर चार, पण मागून येणाऱ्याला तीनच दिसतात, म्हणून लोक तिला सरसकट 'तीनचाकी' म्हणतात. मी तिसऱ्या वर्षी पोलिओने आजारी पडलो. नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. माझ्या पिढीत मात्र प्रत्येक वर्गात एक तरी मुलगा कुबडी घेऊन मागच्या बाकावर बसलेला असे. आमच्या वर्गात तो मी होतो.

१९८४ साली कायनेटिक होंडा बाजारात आली तेव्हा लोक तिच्या पेट्रोल पिण्याबद्दल कुरकुर करत. मला तिच्यात दुसरंच दिसलं. गिअर नाहीत, आणि बटण दाबलं की सुरू. किक मारावी लागत नाही, ही गोष्ट ज्याला दोन्ही पाय धड आहेत त्याला सांगून कळणार नाही. १९९० साली मी ती घेतली, आणि चिकलठाण्याकडच्या एका वर्कशॉपमध्ये तिला बाजूची चाकं बसवून घेतली. तिच्यावर बसायला नव्याने शिकावं लागतं. साधी स्कूटर वळताना झुकते, ही झुकत नाही. वळणावर अंग बाहेर फेकलं जातं, आणि जो वेग आवरत नाही तो एक चाक उचलल्यावरच शहाणा होतो. मी सेव्हन हिल्सच्या वळणावर झालो.

पुस्तकात गाडीचा प्रकार लिहिलेला होता, 'इन्व्हॅलिड कॅरेज'. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलाच तो शब्द. इंग्रजीत त्याचा अर्थ आजारी-अपंग माणसाची गाडी, हे मला ठाऊक होतं. पण बँकेत तोच शब्द मी रोज 'अवैध' या अर्थाने वापरत असे. २०१९ च्या दुरुस्तीत तो शब्द गेला आणि 'अडॅप्टेड व्हेइकल' आला. तोपर्यंत माझी ती गाडी भंगारात गेली होती.

सांगाडा आणि ती दोन चाकं मी मुद्दाम काळीकुट्ट रंगवून घेतली होती. कुणाचं लक्ष जाऊ नये, एवढाच हेतू. उपयोग काही झाला नाही. चौकात सिग्नलला थांबलो की लोक आधी चाकं पाहत, मग पाय, मग पटकन दुसरीकडे.

आता बँकेचं सांगतो. बँकेत कर्जाचे कागद करताना एक सुंदर मराठी शब्द येतो, 'नजरगहाण'. सोनं तारण ठेवलं की ते तिजोरीत बंद होतं. रिक्षा किंवा टेम्पो तसा ठेवता येत नाही, कारण तो चालला तरच हप्ता येणार. म्हणून वस्तू कर्जदाराकडेच राहते आणि बँकेची फक्त तिच्यावर नजर राहते. ही नजर म्हणजे दर काही महिन्यांनी प्रत्यक्ष जाऊन केलेली तपासणी. १९९३ साली पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली आणि आमच्या शाखेत सुशिक्षित बेरोजगारांच्या अर्जांचा ढीग लागला. कर्ज एक लाखापर्यंत, अनुदान पंधरा टक्के, पण कमाल साडेसात हजार. अर्ज पुष्कळदा रिक्षासाठीच. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून होता, तिथे रिक्षा बनतच होत्या. घरातला एक भाऊ त्या बनवायला जाई आणि दुसरा त्यातलीच एक चालवायची स्वप्नं बघे, अशी घरं मी पाहिली आहेत.

तपासणीला मी माझ्या स्कूटरवरूनच जात असे. रिक्षांच्या थांब्यावर उभा राहिलो की ओळीने तीनचाकी, आणि शेवटी माझी. त्यातली एक रिक्षा दुरूनच ओळखू यायची. तिन्ही चाकांवर क्रोमच्या टोप्या होत्या, वाटीसारख्या फुगीर, मधोमध लाल टिकली. ऊन पडलं की डोळे दिपत. मालक पंचविशीतला, पदवीधर, बोलायला मऊ. मी अहवालात लिहिलं : 'वाहन सुस्थितीत. कर्जदाराने सजावटीवर अनावश्यक खर्च केल्याचे दिसते.' आमच्या मॅनेजरसाहेबांचा तसा सिद्धांतच होता की ज्या रिक्षावर हौस जास्त, तिचा हप्ता कमी. पुढे मी आमच्या शाखेच्या खात्यांवर तो ताडून पाहिला. सिद्धांत उलटा निघाला. चाकं पुसणारा माणूस रोज चाकापाशी बसतो, त्यामुळे हवा कमी झालेली, नट सैल झालेला त्याला दुसऱ्याच्या आधी दिसतो. पण हे मला फार उशिरा कळलं.

त्या मुलाने मला टोप्यांचं शास्त्र शिकवलं. मी विचारलं नव्हतं, त्याने सांगितलं. रिक्षाची रिम दोन भागांची, बोल्टने जोडलेली. काही दुकानदार टोपीला भोकं पाडून ती चाकाच्या नटाखालीच आवळून देतात. दिसायला पक्की, पण नट आता रिमवर नाही, पातळ पत्र्यावर बसलेला असतो. पत्रा दबतो, नट सैल होतो, आणि एक दिवस चाक आपल्या आधी पुढे निघून जातं. म्हणून टोपी नेहमी स्प्रिंगच्या चिमट्यांची घ्यावी. आधी चाकाचे नट समोरासमोरचे असे पाळीपाळीने आवळावेत. मग टोपी रिमच्या कडेला टेकवून हवेच्या नळीसाठीची खाच बरोबर नळीवर आणावी, नाही तर हवा भरताना दर वेळी टोपी काढावी लागते. मग तळहाताच्या टाचेने एका बाजूने दाबत जावं. चारही चिमटे 'टक्' बोलले पाहिजेत. हातोडी वापरायची नाही.

साफ करायलाही त्याची रीत होती. क्रोमचा थर असतो अगदी पातळ, खाली निकेल, त्याखाली लोखंड. विटकरीच्या भुकटीने किंवा राखेने घासलं की आज लखलखतं, पण थराला चरे पडतात आणि पावसाळ्यात त्यातूनच गंज डोकावतो. तो गंज काढायला तो सिगारेटच्या पाकिटातली चांदी जमवायचा. ती पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवली की तांबूस ठिपके निघून येतात. चांदी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही. टोपीची आतली बाजू आधी धुवायची, कारण चिखल तिथेच धरून बसतो. आणि चाक तापलेलं असताना पाणी मारायचं नाही. बोअरचं पाणी जागच्या जागी वाळून त्याचे पांढरे डाग पडतात.

''साहेब, तुमच्या गाडीला लावून देऊ का दोन?'' एकदा त्याने माझ्या काळ्या चाकांकडे बघत विचारलं होतं. मी जरा कडक आवाजातच नाही म्हणालो. कर्जदाराकडून फुकट वस्तू घ्यायची नसते, ते बरोबरच होतं. पण माझ्या आवाजातला कडकपणा त्या नियमापुरताच नव्हता.

१९९७ साली त्याचे हप्ते थकले. घरात आजारपण निघालं, मग इंजिनचं काम निघालं, रिक्षा दोन महिने उभी राहिली. नोटिसा गेल्या. शेवटी ताबा घ्यायचा ठरला आणि मला पाठवण्यात आलं. पुंडलिकनगरच्या एका बोळात रिक्षा उभी होती. मला फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून मी स्कूटरवरच बसून होतो आणि शिपाई यादी करत होता. टायर, स्टेपनी, मीटर, टप. आजूबाजूला बायकामुलं जमली होती, पण कुणी बोलत नव्हतं.

तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, ''साहेब, टोप्या काढून घेऊ का? कर्ज गाडीचं होतं. टोप्या माझ्या पैशाच्या हायेत.''

करारनामा माझ्या हातात होता. वाहन, आणि त्यावर आज असलेली अथवा पुढे बसवली जाणारी सर्व साधनसामग्री, असं त्यात स्वच्छ छापलेलं होतं. ते वाक्य मी शेकडो लोकांकडून सही करून घेतलं होतं. शिपायाने तोवर यादीत लिहिलंही होतं : 'व्हील कॅप, नग ३.'

''नाही,'' मी म्हणालो.

त्याने वाद घातला नाही. खिशातून रुमाल काढला, एकेका चाकापाशी उकिडवा बसला आणि तिन्ही टोप्या पुसल्या. टिकलीच्या कडेची धूळ नखाने काढली. मग उठून किल्ली माझ्या हातात दिली.

ती रिक्षा काही महिने जप्तीच्या आवारात पडून होती. लिलावाच्या आधी मी यादी पडताळायला गेलो तेव्हा चाकांवर एकही टोपी नव्हती. चौकीदाराला माहीत नव्हतं, शिपायाला माहीत नव्हतं. मी 'नग ३' वर रेघ मारली, 'शून्य' लिहिलं, शेजारी सही केली. रिक्षाच्या किमतीत त्याने एका पैशाचाही फरक पडला नाही. कुणी मला विचारलंही नाही. कागदोपत्री माझं काही चुकलं नव्हतं, अजूनही चुकलेलं नाही. पण मी कादंबऱ्या लिहितो. तीन कादंबऱ्यांत हा प्रसंग घालून पाहिला आणि तिन्ही वेळा काढून टाकला. दर वेळी त्यातला अधिकारी खऱ्यापेक्षा भला माणूस होऊन बसायचा.

तो मुलगा नंतर मला दिसला नाही. गाव एवढं मोठं नव्हतं, त्यामुळे तो मला टाळत असावा किंवा मी त्याला.

२०२० साली निवृत्त झालो. जुनी गाडी केव्हाच गेली होती. मग पुन्हा एक बिनगिअरची स्कूटर घेतली आणि बाजूची चाकं बसवून घेतली. चाकं बसवणाऱ्या कारागिराने विचारलं, ''काका, रंग काळाच ना?'' मी म्हणालो, सांगाडा काळा कर, चाकं राहू दे. त्याच आठवड्यात शहागंजाकडे जाऊन दोन टोप्या आणल्या. हल्ली लोखंडी क्रोमच्या शोधाव्या लागतात, बहुतेक ठिकाणी प्लास्टिकवर चमक चढवलेल्याच मिळतात. माझ्याही तशाच आहेत. त्यांना पेट्रोल किंवा थिनर लावला की चमक कायमची मरते, म्हणून फक्त साबणाचं पाणी. बोअरच्या पाण्याचे डाग पडलेच तर लिंबू फिरवायचं, लगेच साठवलेल्या नळाच्या पाण्याने धुवायचं आणि कोरडं पुसायचं. तेलाचा हात मुळीच द्यायचा नाही. आपल्याकडची धूळ तेलावर अशी बसते की जणू तिला आमंत्रण होतं.

टोप्या बसवल्या त्या दिवशी समोरच्या घरातली सात-आठ वर्षांची मुलगी बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, ''आजोबा, यात मी दिसते.'' सौ. मात्र त्या दिवशी काहीच बोलली नाही. संध्याकाळी फिरायला निघताना मागे बसली आणि पदर चाकात जाऊ नये म्हणून सवयीने आवरला. क्रीडा संकुलाच्या भिंतीपाशी आल्यावर म्हणाली, ''लाल टिकलीच्या नव्हत्या का मिळाल्या?'' तो प्रसंग मी तिला फार वर्षांपूर्वी एकदाच सांगितला होता.

नव्हत्या मिळाल्या.

गेल्या पावसाळ्यात सूतगिरणी चौकाच्या अलीकडे एका खड्ड्यात डावं चाक आदळलं आणि टोपी निसटून गेली. मला कळलंही नाही. पुढे सिग्नलला थांबलो तर मागून एका रिक्षावाल्याने हॉर्न देऊन देऊन भंडावलं. मी चिडून वळून पाहिलं. तो रिक्षा तशीच सोडून खाली उतरला होता, हातात माझी टोपी.

''काका, चिमटे ढिले झालेत. घरी गेल्यावर थोडे बाहेर वाकवून घ्या.'' टोपीला चिखल लागला होता. तो त्याने बाहीने पुसला, मग खाली बसून हवेच्या नळीची खाच बघितली, टोपी टेकवली आणि तळहाताने दाबली. सिग्नल हिरवा झाला, मागचे ओरडू लागले. तो उठला नाही. चौथा चिमटा 'टक्' बोलेपर्यंत बसून राहिला.