तारांचे दफ्तर

जुन्या बुलेटचे पुढचे डोके ज्याने उतरवले, त्याने केवळ पत्र्याचा एक अवजड भाग काढला असे नव्हे, तर त्या यंत्राच्या सर्व वीजव्यवहाराची कचेरीच उठवली, ही गोष्ट हौशी मालकांच्या ध्यानात बहुधा फार उशिरा येते. दिवा, त्याच्या दोहो बाजूंचे चिमुकले पायलट दिवे, स्पीडोमीटर, अँपिअर मीटर आणि किल्ली हे सारे एकाच घुमटात वसवण्याची ही रचना इंग्लंडातील रेडिचच्या कारखान्याची. १९५५ साली मद्रासेत स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाने ती तशीच उचलली आणि पुढे कित्येक दशके निष्ठेने चालवली. गाडीतील जवळजवळ प्रत्येक तार एकदा तरी या घुमटात हजेरी लावून मगच आपल्या कामाला जाते. घुमट गेला की या तारांना बसायला जागा उरत नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका गाळ्यात अशीच एक साडेतीनशे सी.सी.ची बुलेट उभी होती. मालकाने तिला सुटा गोल दिवा बसवला होता, मडगार्डे छाटली होती, चेसिस पावडर कोटिंग करून आणली होती. आणि आता ‘वायरी दिसता कामा नयेत’ एवढाच हुकूम सोडून गाडी वायरिंगच्या मिस्त्रींच्या स्वाधीन केली होती. मिस्त्रींनी प्रथम हाती घेतली ती शिसपेन्सिल. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर त्यांनी बॅटरी, किल्ली, कॉइल, हॉर्न आणि दिवे यांची घरे काढली, आणि मग प्रत्येक तारेची कैफियत ऐकून घेण्यास आरंभ केला : कोठून आलीस, कोठे जातेस, आणि कोणाच्या हुकमाने?

ज्या दफ्तरात प्रत्येक नव्या कारकुनाने आपली नोंद चढवली, परंतु मागची एकही नोंद खोडली नाही, त्या दफ्तराची जी अवस्था होते तीच या वायरिंगची झाली होती. टेपचा चिकटा काळा पडून बोटांना लागत होता. एका टेपखाली दुसरी, तिच्याखाली कापडी पट्टी. कधीकाळच्या प्रेशर हॉर्नची तुटकी तार निघाली, फॉग लॅम्पची जोडी निघाली, आणि सीटखाली, सध्याच्या मालकाला ज्याचा पत्ताही नव्हता असा एक चोरस्विच निघाला. गाडी खड्ड्यात आदळली की मध्येच का बंद पडते, या जुन्या तक्रारीचा उलगडा त्या गंजक्या स्विचपाशी झाला. मिस्त्रींनी तो मालकाच्या हातावर ठेवला व म्हणाले, “घ्या साहेब, तुमचा चोर.”

खरी काटछाट मात्र या बेवारस तारांची नव्हे. ब्रिटिश धाटणीच्या सहा व्होल्टच्या जुन्या व्यवस्थेत अल्टरनेटरमधून तीन तारा निघत, आणि दिव्याचा स्विच फिरवला की अल्टरनेटरच्या वेटोळ्यांची जोडणीही बदलत असे : दिवसा थोडी वीज, रात्री सगळी. व्होल्टेज आवरणारा स्वतंत्र रेग्युलेटर त्या काळी या गाड्यांवर नसल्यामुळे स्विचकडेच हा कारभार सोपवलेला होता, आणि म्हणूनच त्या स्विचच्या पोटात तारांची एवढी दाटी. आता त्या तीन तारांच्या दोन करून त्या एका रेग्युलेटर-रेक्टिफायरला दिल्या, आणि बॅटरी, कॉइल, हॉर्न व बल्ब बारा व्होल्टचे केले, की स्विचला चालू आणि बंद एवढेच काम उरते. शिवाय पस्तीस वॅटचा जो दिवा सहा व्होल्टवर जवळजवळ सहा अँपिअर ओढतो तो बारावर तीनच ओढतो; आणि करंट निम्मा झाला की तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती चौथाईवर येते.

अँपिअर मीटर काढण्याचा निर्णय झाला तेव्हा मला मनापासून वाईट वाटले. संथ आयडलिंगला पॉइंटच्या प्रत्येक उघडमिटीबरोबर त्याचा काटा जो लवतो, त्यात यंत्राची नाडी दिसते. परंतु मिस्त्रींचे म्हणणे बिनतोड होते : गाडीची बहुतेक सारी वीज त्या दोन छोट्या स्क्रूंतून जाते, आणि त्यांतला एक सैल झाला की सगळा कारभार ठप्प.

आणि येथून पुढे मालकाच्या कल्पनेला धक्का बसू लागला. कारण तारा कमी करण्यासाठी आणलेल्या गाडीवर मिस्त्री काळ्या तारा वाढवू लागले. चेसिसलाच परतीची वाट मानून प्रत्येक दिव्याची अर्थची तार वाचवावयाची, ही जुनी काटकसर. पण पावडर कोटिंग वीज वाहून नेत नाही. आणि पुढचा दिवा तर फोर्कवर बसलेला, ज्याचा चेसिसशी संबंध काय तो हँडलखालच्या ग्रीस भरलेल्या छर्ऱ्यांमार्फत. मिस्त्रींनी मीटरची एक पीन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी पेटत्या दिव्याच्या पत्र्याला लावून हँडल सावकाश वळवले. जो आकडा शून्याला टेकून राहावयाचा तो एक व्होल्टाच्या पलीकडे उड्या मारू लागला, आणि त्याच तालावर दिवा मिचमिचला. मग त्यांनी दिव्यापासून थेट बॅटरीपर्यंत एक काळी तार ओढली, इंजिनापासून दुसरी, मागच्या दिव्यापासून तिसरी. आकडा निमूटपणे खाली आला. माझ्या मते या साऱ्या कामातील अक्कल याच तीन तारांत होती, आणि मालकाला नेमक्या त्याच नको होत्या.

सांधे त्यांनी सोल्डर केले नाहीत, थिंबल दाबून बसवले. सोल्डर जेथे संपते तेथे तार ताठर होते, आणि एका सिलिंडरचे ते धक्के तिला नेमके त्याच कडेवर तोडतात. बॅटरीही काढून टाकून कपॅसिटरवर भागवावे, अशी मालकाची विनंती त्यांनी नामंजूर केली. गाडी सिग्नलला उभी आणि इंजिन मंद चालत असताना ब्रेकचा दिवा आणि हॉर्न भरवशाने चालायला हवेत, एवढेच कारण त्यांनी दिले. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम मूळ नोंदीशी विसंगत फेरफारांना मनाई करते, याची आठवण मी करून दिली. मालकाने ती ऐकली न ऐकली केली.

बॅटरी प्रथम जोडताना फ्यूजच्या जागी मिस्त्रींनी एक बल्ब लावला. कोठे शॉर्ट असेल तर सारा भार तो बल्ब आपल्या अंगावर घेऊन लख्ख पेटतो, आणि तार जळत नाही. किल्ली फिरवली, बल्ब जेमतेम लालसर झाला, कॉइलपुरता. तेव्हा तो काढून पंधरा अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी शेजारी बसवला गेला.

मालक आला, वाकून टाकीखाली पाहिले, आणि सीटखाली स्लीव्हमध्ये तोंड बंद करून ठेवलेली, कशालाही न जोडलेली एक पिवळी तार दाखवून त्याने विचारले, “ही कशाला ठेवली, मिस्त्री?”

“इंडिकेटरला,” मिस्त्री हात पुसत म्हणाले. “दिवाळीपर्यंत तुम्ही मागणारच.”