वारा न मोजता वाऱ्याशी जुळणारी पवनचक्की

डेन्मार्कच्या दक्षिण टोकाला गेद्सर गावाजवळ योहानेस यूल या अभियंत्याने 1957 साली 200 किलोवॅटची तीन पात्यांची पवनचक्की उभी केली. तिची पाती मुळाशी पक्की जखडलेली होती. वारा फार वाढला की पात्याला लगटून वाहणारी हवा सुटायची, जोर आपोआप घटायचा आणि यंत्र वाचायचं. 1967 पर्यंत ती चालली. पण जखडलेली पाती आणि ठरावीक वेग यांचा मेळ एखाद्याच वाऱ्याशी नेमका बसतो. इतर वेळी बरीच ऊर्जा हातची जाते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. त्यातली फार तर 59.3 टक्के पकडता येते, हे आल्बर्ट बेट्झ यांनी 1920 मध्ये दाखवलं. त्या मर्यादेजवळ जायचं तर पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या साधारण सात-आठ पट हवा, आणि वारा तर क्षणोक्षणी बदलतो.

यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. वेगमापक बसवलेला असतो पात्यांच्या मागे, म्हणजे त्याला मिळतो तो पात्यांनी घुसळलेला वारा. म्हणून कंट्रोलर त्याच्यावर विसंबत नाही. तो रोटरचा वेग पाहतो आणि जनरेटरचा विरोध त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ठेवतो. वारा वाढला की पाती वरचढ होतात, रोटर वेग घेतो आणि योग्य गुणोत्तर साधलं की दोन्ही बाजू बरोबरीत येतात. सगळी मदार एका गुणांकावर. पात्यांच्या कडा झिजल्या, त्यांवर धूळ-किडे चिकटले की तो गुणांक जुना होतो. वीज गळत राहते आणि कुठलाही अलार्म वाजत नाही.

यंत्राची पूर्ण क्षमता गाठली की काम उलटं होतं. मग मोटरी पाती काही अंशांनी वळवून जादा वारा सोडून देतात. वारा सेकंदाला 25 मीटरच्या आसपास पोचला की यंत्र थांबवलंच जातं.

पवनचक्क्या एकीमागे एक उभ्या असतील, तर अलीकडे काही ठिकाणी पुढची पवनचक्की मुद्दाम थोडी तिरपी ठेवतात. तिचं उत्पादन किंचित घटतं, पण तिच्यामागचा मंदावलेला वारा बाजूला सरकतो आणि मागच्यांना त्याहून जास्त मिळू शकतं.

चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर काय, धुळ्याकडे काय, आपल्याकडे जुनी यंत्रं पुष्कळ आहेत. मालकांनी मोठ्या खर्चाआधी यंत्राचं तोंड खरोखर वाऱ्याकडे आहे का, आणि यंत्र बदलत्या वेगाचं असेल तर त्याचा गुणांक, एवढं तपासून घ्यावं. त्यासाठी क्रेन आणावी लागत नाही.